नाही म्हणायची किंमत: ‘वज्दा’, अबाया आणि आपला आवडता प्रश्न

तुम्ही म्युनिकला मास्टर्स करत असा, लीड्सला नोकरी करत असा नाहीतर न्यू जर्सीत लहानाचे मोठे झालेले असा, हा प्रश्न तुमच्यापुढे कधी ना कधी आलेला असणारच. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारतं, "तुमच्या इंडियातसुद्धा असतं ना हे? त्या बायका स्वतःहून घालतात की त्यांना घालायला लावतात?" तुम्ही मुस्लिम नसलात तरी उत्तर तुमच्याकडूनच हवं असतं, कारण त्या टेबलावर सगळ्यांत ‘तिकडचे’ तुम्हीच असता. आणि मुस्लिम असलात, तर बोलायलाच नको. संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच विषय पुन्हा येतो. तिथे फक्त त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह नसतं.

‘बुरखा: निवड की सक्ती?’ आपण हा विषय शाळेतल्या वादविवाद स्पर्धेसारखा हाताळतो. एक अनुकूल बाजू, एक प्रतिकूल बाजू, प्रत्येकी तीन मिनिटं आणि शेवटी टाळ्या. एखादी शिकलेली, स्वतः कमावणारी मुलगी "मी माझ्या मर्जीने घालते" म्हणाली की एका बाजूला गुण. इराणमधून एखादी बातमी आली की दुसऱ्या बाजूला गुण.

या लेखात हा प्रश्न आपण सौदी अरेबियात नेऊन पाहू. मुद्दाम तिथेच, कारण तिथलं उत्तर सगळ्यांत सोपं वाटतं. तिथे तर सरळसरळ सक्तीच होती, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? पण जिथे उत्तर सोपं वाटतं तिथेच प्रश्नाची खरी परीक्षा होते. आणि सोबतीला एक सिनेमा घेऊ, हायफा अल-मन्सूर या सौदी दिग्दर्शिकेचा ‘वज्दा’. तुमच्यापैकी अनेकांनी तो ‘सायकलवाल्या मुलीचा गोड पिक्चर’ म्हणून पाहिलाही असेल. माझं म्हणणं असं, की तो सायकलचा सिनेमा आहे त्याहून जास्त आईचा सिनेमा आहे, आणि ‘निवड की सक्ती’ या प्रश्नात काय चुकतंय हे त्यातून फार नीट कळतं.

आधी शब्द नीट लावू

मराठीत आपण सगळ्यालाच ‘बुरखा’ म्हणून मोकळे होतो. सौदीबद्दल बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. अबाया म्हणजे कपड्यांवरून घालायचा सैल, पायघोळ झगा, बहुतेक वेळा काळा. हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारं वस्त्र. निकाब म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारं कापड. बाहेर पडताना अबाया हवाच, हा सौदीतला कित्येक दशकांचा शिरस्ता. चेहऱ्याचं मात्र शहराप्रमाणे आणि घराप्रमाणे बदलायचं. तांबड्या समुद्राकाठचं जेद्दा आणि वाळवंटाच्या मध्यावरचं रियाध यांत याबाबतीत फरक होता आणि आजही आहे.

या शिरस्त्यावर लक्ष ठेवायला एक खातंच होतं. सत्कर्मांचा प्रसार आणि दुष्कर्मांना प्रतिबंध करणारी समिती, म्हणजे आपण ज्यांना धार्मिक पोलीस म्हणतो ते. मॉलमध्ये, बाजारात फिरून ते बायकांना टोकत, दमात घेत. 2016च्या एप्रिलमध्ये त्यांचा अटक करण्याचा आणि पाठलाग करण्याचा अधिकार सरकारने काढून घेतला.

सिनेमात पोलीस जवळजवळ दिसतच नाहीत

‘वज्दा’ 2012 साली व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. संपूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला हा पहिला कथापट, आणि तो एका बाईने केलेला. तेव्हा सौदीत सिनेमागृहंच नव्हती, ती पुन्हा सुरू झाली 2018मध्ये. रियाधच्या काही वस्त्यांमध्ये भर रस्त्यात पुरुषांच्या युनिटबरोबर उभं राहणं दिग्दर्शिकेला शक्य नव्हतं. म्हणून ती व्हॅनमध्ये बसून वॉकी-टॉकीवरून सूचना देत असे. म्हणजे सिनेमा बनवतानाच विषय समोर उभा होता.

गोष्ट साधी आहे. रियाधमधली दहा वर्षांची वज्दा. शाळेच्या गणवेशाखाली कॅनव्हासचे बूट घालणारी, चोरून विदेशी गाणी ऐकणारी, वर्गात हाताने विणलेले दोरे विकून पैसे जमवणारी. तिला दुकानातली हिरवी सायकल हवी आहे, कारण शेजारच्या अब्दुल्लाशी शर्यत लावायची आहे. मुलींनी सायकल चालवायची नसते. पैसे मिळावेत म्हणून ती शाळेतल्या कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते.

या सिनेमात तुम्ही एक गोष्ट मोजून पाहा. वज्दाला "डोकं झाक", "चेहरा झाक", "आत ये", "हळू हस" हे कोण कोण सांगतं? हातात छडी घेतलेला दाढीवाला माणूस? जवळजवळ कुठेच नाही. सांगते ती शाळेची मुख्याध्यापिका, मिस हुस्सा. मुलींच्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडच्या पुरुषांच्या कानावर जाऊ नये, अशी तिची ताकीद असते. दूरवरच्या एका छतावर कामगार दिसतात, तेवढ्यावरून अंगणात खेळणाऱ्या मुली लगबगीने आत पळतात, आणि त्यांना कुणी ओढून न्यावं लागत नाही. वज्दा मात्र ठिक्कर खेळत राहते. तेवढ्यावरून कळतं की ती ‘वाया जाणार’ आहे.

मिस हुस्साचं पात्र लिहिताना अल-मन्सूर यांनी हात राखला आहे. ती नुसती खाष्ट बाई नाही. तिच्या घरी रात्री शिरलेला माणूस चोर होता की आणखी कोण, अशी कुजबुज शाळेतल्या मुलींतच चालते. स्वतःच्या नावावर वादळ घोंघावत असताना ती मुलींची पावित्र्यरक्षक झालेली आहे. आपल्याकडच्या चाळीत, वाड्यात वाढलेल्यांना ही बाई ओळखीची वाटेल. दुसऱ्यांच्या मुलींवर करडी नजर ठेवली की आपल्याकडे बोट दाखवणारे हात कमी होतात.

आईकडे पाहा

आता आई. रीम अब्दुल्ला या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. घरात ती सुंदर, हौशी, गाणारी बाई आहे. बाहेर पडताना ती पूर्ण झाकून घेते, डोळेच काय ते दिसतात. तिला जबरदस्ती कोण करतंय? पडद्यावर कुणीच नाही. तिची एक मैत्रीण हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागते. घरापासून जवळ, पगार बरा. आई तिथे जाऊन पाहते, तर मैत्रीण चेहरा उघडा ठेवून पुरुष सहकाऱ्याशी हसून बोलत असते. आई तिथून निघून येते. नोकरी नको.

वादविवाद स्पर्धेतला अनुकूल वक्ता इथे उभा राहून म्हणेल, बघा, तिने निवड केली. प्रतिकूल वक्ता म्हणेल, तिचं डोकंच तसं घडवलेलं आहे. दोघांनीही सिनेमाचा उरलेला भाग पाहिलेला नाही.

उरलेला भाग असा. वज्दाच्या जन्मानंतर आईला आणखी मूल होऊ शकत नाही. नवऱ्याच्या घरच्यांना मुलगा हवा आहे, सासू त्याच्यासाठी दुसरी बायको शोधते आहे. नवरा वाईट माणूस नाही. मुलीवर त्याची माया आहे, बायकोवरही असावी. पण दुसरं लग्न करायला त्याला कायद्याची आडकाठी नाही आणि तिच्या हाती ते थांबवायचं काहीच नाही. तिच्याकडे आहेत फक्त तिचे लांब केस, जे त्याला आवडतात म्हणून ती सरळ करून ठेवते. दिराच्या लग्नात उठून दिसावं म्हणून लाल झगा ती मॉलच्या बायकांच्या स्वच्छतागृहात घालून पाहते, कारण दुकानात कपडे घालून पाहायची सोय नाही. आणि आहे तिचं नाव. ‘ती पुरुषांत काम करते’ असं कुणी म्हणालं, तर सासूच्या हातात आयतं कोलीत.

या बाईने नोकरी का नाकारली, याचं उत्तर ‘निवड’ या शब्दात मावत नाही आणि ‘सक्ती’तही नाही. तिने हिशोब केला. तिच्या बाजूने अगदी शहाणा हिशोब. ‘हो’ म्हणण्यात तिचा तोटा कमी आहे आणि ‘नाही’ म्हणण्यात सगळंच पणाला लागतं. निकाब त्या हिशोबातली एक छोटी रक्कम आहे. मोठी रक्कम नवरा, घर आणि मुलगी.

दुसऱ्या एका प्रसंगात वज्दा भिंतीवरच्या घराण्याच्या वंशवृक्षाकडे पाहते. त्यावर फक्त पुरुषांची नावं. ती कागदाच्या चिठोऱ्यावर आपलं नाव लिहून वडिलांच्या नावाखाली पिनेने टोचते. पुढे ती चिठ्ठी कुणीतरी काढून टाकलेली असते. पडद्याविषयी या प्रसंगात एक शब्द नाही, आणि तरी मला वाटतं सिनेमातलं सगळ्यांत नेमकं उत्तर हेच आहे.

सिनेमाला न दिसलेली गोष्ट

‘वज्दा’चं कौतुक करताना एक खोट लपवू नये. आईला गाडी चालवायला बंदी, म्हणून ती कामाला जाते ती इक्बाल नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीतून. हा इक्बाल उर्मट आहे, बायकांवर खेकसतो, आणि एक दिवस आईला न्यायचं बंद करतो. मग वज्दा आणि अब्दुल्ला त्याच्या खोलीवर जातात. दहा-बारा वर्षांचा अब्दुल्ला आपल्या वजनदार काकांचं नाव घेऊन, तुला देशाबाहेर काढीन, असा दम देतो. इक्बाल वरमतो. प्रेक्षक हसतात.

तुम्ही कोकणातले असाल, किंवा तुमच्या ओळखीतलं कुणी रत्नागिरी-रायगडातून सौदीला ड्रायव्हर, वेल्डर, मदतनीस म्हणून गेलेलं असेल, तर इथे हसू यायचं नाही. एका मुलाच्या तोंडच्या एका वाक्यावर ज्याची नोकरी, व्हिसा आणि घरी जाणारे पैसे टांगलेले आहेत, तोही परवानगीवर जगणाराच माणूस आहे. त्याला मालकाची परवानगी, तिला ‘वली’ची, म्हणजे पुरुष पालकाची. दोन परवानग्यांची ही साखळी सिनेमा दाखवतो, पण पाहत नाही. दिग्दर्शिकेचं सगळं लक्ष मुलीवर आहे, आणि मुलीच्या विजयासाठी इक्बालला गप्प करणं तिला खपून जातं.

झाकलेल्या चेहऱ्याने दिलेला नकार

आता पडद्यावरून खऱ्या माणसांकडे येऊ. 2010 साली अबू धाबीच्या ‘मिलियन्स पोएट’ या टीव्हीवरच्या काव्यस्पर्धेत हिस्सा हिलाल नावाची सौदी कवयित्री उभी राहिली. अंगभर काळं, चेहरा झाकलेला, फक्त डोळे उघडे. आणि त्या वेषात तिने लाखो प्रेक्षकांसमोर जहाल फतवे काढणाऱ्या धर्मगुरूंवर कडाडून टीका करणारी कविता म्हटली. इंटरनेटवरून तिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. स्पर्धेत ती तिसरी आली.

तिला पत्रकारांनी विचारलंच, मग तू चेहरा का झाकतेस? तिने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की आपण लोकांना घाबरून झाकत नाही. आपला समाज टोळ्यांचा, नातेसंबंधांचा. आपण चेहरा उघडला तर बोलणी नवऱ्याला आणि भावांना खावी लागतील.

हे उत्तर वादविवाद स्पर्धेतल्या कुठल्या बाजूला घालायचं? ज्या बाईला मृत्यूची धमकी भिववू शकत नाही, तिला ‘बिचारी’ म्हणता येत नाही. आणि आपल्या कपड्याचा दंड दुसऱ्याला भरावा लागेल असं जी सांगते, ती ‘माझी मर्जी’ असंही म्हणत नाहीये. मराठीत याला एक जुना शब्द आहे: लोकलाज. तो शब्द कळला की हिस्सा हिलाल परकी वाटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावरून पदर ढळू दिला नाही, तेव्हा त्यांच्यामागे कुठला पोलीस होता?

एक तिसरं उत्तरही आहे, आणि ते आपण फार पटकन धुडकावतो. पुष्कळ बायका म्हणतात, ही माझी निवडही नाही आणि कुणाची सक्तीही नाही, ही देवाची आज्ञा आहे आणि मी ती पाळते. सबा महमूद या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कैरोतल्या मशिदींमध्ये जमणाऱ्या बायकांचा अभ्यास करून 2005मध्ये ‘पॉलिटिक्स ऑफ पायटी’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा हाच होता की प्रत्येक कृती ‘बंड’ किंवा ‘शरणागती’ याच दोन खणांत टाकली, तर श्रद्धेने स्वतःला घडवू पाहणाऱ्या बाईला समजून घ्यायला आपल्याकडे जागाच उरत नाही. मुद्दा खरा आहे. पण तो मान्य केल्यावर सौदीचं काय करायचं? तिथे आज्ञा देवाची असेल, अंमलबजावणी सरकारी खात्याची होती.

उपवास आणि उपासमार

इथे मला अमर्त्य सेन यांचं एक उदाहरण उपयोगी पडतं, आणि ते मराठी घरात समजावून सांगायची गरज नाही. उपवास करणारा माणूस आणि उपाशी माणूस, दोघांचंही ताट रिकामं असतं. बाहेरून पाहिलं तर फरक नाही. फरक एवढाच, की उपवास करणाऱ्याला वाटलं तर जेवता येतं.

एकादशी करणाऱ्या आजीला आपण "ही तुझी निवड की सक्ती?" असं विचारत नाही. तिला ते कर्तव्य वाटतं, पुण्य वाटतं, सवयही असते. सगळंच. पण त्याच घरात सुनेच्या पुढून ताट उचललं गेलं आणि "आपल्याकडे करतात एकादशी" असं सांगितलं गेलं, तर तिच्या पोटात असतो तो उपवास नव्हे. आणि हे ओळखायचं कसं? सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून नाही, तिला सासूसमोर विचारून तर नाहीच. ती जेवायला बसली तर काय होतं, ते पाहून.

माझा मुद्दा एवढाच आहे. झाकणारी बाई मनातून काय मानते, हे आपल्याला बाहेरून कळणार नाही, आणि ते खणून काढायचा आपल्याला अधिकारही नाही. पण ‘नाही’ म्हटल्यावर तिचं काय जातं, हे बाहेरून दिसतं, मोजता येतं, आणि बदलताही येतं. प्रश्न विचारायचा तर हा विचारावा: नाही म्हणायची किंमत किती, आणि ती कोण ठरवतं?

आता सौदीचा हिशोब मांडू

6 नोव्हेंबर 1990. रियाधमध्ये 47 बायका गाड्या चालवत रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यापैकी अनेकींच्या अंगावर अबाया होता. त्यांची मागणी कपड्याबद्दल नव्हतीच, स्टिअरिंगबद्दल होती. नोकऱ्यांतून निलंबन झालं, पासपोर्ट जप्त झाले, त्यांना बदचालीच्या ठरवणारी पत्रकं वाटली गेली. ही झाली एका ‘नाही’ची किंमत.

11 मार्च 2002. मक्केतल्या मुलींच्या एका शाळेला आग लागली. 15 मुली गेल्या. डोकं झाकलेलं नाही, अबाया नाही, म्हणून धार्मिक पोलिसांनी मुलींना बाहेर पडू दिलं नाही, असं प्रत्यक्षदर्शींच्या हवाल्याने खुद्द सौदी वृत्तपत्रांनी छापलं. सरकारी चौकशीने मृत्यूंचं हे कारण नाकारलं. पण त्याच महिन्यात मुलींचं शिक्षण धर्मगुरूंच्या हातातल्या स्वतंत्र खात्याकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे दिलं गेलं. सौदी वृत्तपत्रांनी त्या दिवसांत इतकं उघडपणे लिहिलं हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

मार्च 2018. राजपुत्र मोहम्मद बिन सलमान अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर म्हणाले की शरियतने शालीन कपडे सांगितले आहेत, काळाच अबाया असं कुठे म्हटलेलं नाही, काय घालायचं ते बायकांनी ठरवावं. 24 जून 2018ला बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. ऑगस्ट 2019मध्ये 21 वर्षांवरील बायकांना पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट काढायची आणि प्रवासाची मुभा आली. बायकांचा नोकरीतला वाटा 2030पर्यंत 30 टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, ते लक्ष्य कित्येक वर्षं आधीच गाठलं गेलं. आज रियाधच्या कॅफेत रंगीत अबाया, बटणं न लावलेले अबाया, उघडे केस, आणि शेजारच्या टेबलावर पूर्ण निकाब, असं सगळं शेजारी शेजारी दिसतं. हे बदल खोटे नाहीत. तिथल्या लाखो बायकांचा रोजचा दिवस त्यांनी बदलला, आणि बाहेर बसून नाक मुरडणं फार सोपं आहे.

पण वादविवाद स्पर्धा इथेच संपल्यासारखी वाटते. ‘सक्ती होती, आता निवड आहे.’ थांबा, किंमत पाहू.

गाडी चालवायची परवानगी मिळायच्या काही आठवडे आधी, मे 2018मध्ये, त्याच परवानगीसाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या बायकांना अटक झाली. लुजैन अल-हथलूल त्यांतली एक. ती फेब्रुवारी 2021मध्ये सुटली, प्रवासबंदीसह. हक्क दिला गेला, पण तो कुणी मागून मिळवला असं दिसता कामा नये, हा त्यातला संदेश.

मनाहिल अल-ओतैबी ही व्यायाम प्रशिक्षक. बदलांवर विश्वास ठेवून मोकळेपणाने बोलणारी, अबायाशिवाय मॉलमध्ये फिरतानाचे व्हिडिओ टाकणारी. नोव्हेंबर 2022मध्ये तिला अटक झाली आणि जानेवारी 2024मध्ये दहशतवादाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाने 11 वर्षांची शिक्षा सुनावली. मानवी हक्क संघटनांच्या मते आरोप तिच्या पोस्ट आणि कपड्यांवरून होते. सौदी सरकारचं म्हणणं, शिक्षा दहशतवादी गुन्ह्यांसाठी आहे, अभिव्यक्तीशी त्याचा संबंध नाही. राजपुत्रांनी टीव्हीवर दिलेली ‘निवड’ आणि ही शिक्षा, दोन्ही एकाच देशात, सहा वर्षांच्या आत.

आणि 2022चा कौटुंबिक कायदा. त्यानुसार बाईच्या लग्नाला पुरुष पालक लागतोच. सबळ कारणाशिवाय तिने नवऱ्याच्या घरी राहायला नकार दिला, तर निर्वाहखर्चाचा हक्क गमावू शकते. वज्दाच्या आईला आठवा. तिचा निकाब आज ऐच्छिक झाला असेल. तिच्या हिशोबातली मोठी रक्कम जवळजवळ तशीच आहे.

अल-मन्सूर यांचा 2019चा ‘द परफेक्ट कँडिडेट’ याच संदर्भात पाहा. मरियम ही डॉक्टर तरुणी. दवाखान्यापर्यंतचा चिखलाचा रस्ता पक्का व्हावा म्हणून ती नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहते. त्याची सुरुवात होते विमानतळावर. वडिलांनी दिलेल्या प्रवास परवान्याची मुदत संपलेली, म्हणून तिचं दुबईचं विमान चुकतं. हा नियम बदलल्याची घोषणा झाली ऑगस्ट 2019च्या आरंभी आणि त्याच महिन्याअखेर सुरू झालेल्या व्हेनिस महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला. आधी निकाबमध्ये असलेली मरियम पुढे उघड्या चेहऱ्याने लोकांपुढे येते.

सिनेमा चांगला आहे, पण ‘वज्दा’पेक्षा उणा. कारण इथे अडथळे समजुतीने दूर होतात. चिडका म्हातारा रुग्ण मवाळ होतो, वडील अभिमानाने पाहतात, रस्त्याचं काम लागतं. मरियमच्या ‘नाही’ला फारशी किंमत पडत नाही. सरकारी मदतीने उभ्या राहिलेल्या नव्या सौदी सिनेमाचा हा पहिला काळ, आणि ज्या बायका तेव्हा तुरुंगात होत्या त्यांची सावलीही पडद्यावर पडत नाही. ‘वज्दा’त दिग्दर्शिका व्हॅनमध्ये लपलेली होती आणि सिनेमा मोकळा होता. ‘कँडिडेट’मध्ये ती रस्त्यावर उभी राहू शकली आणि सिनेमा मात्र जरा जपून बोलला.

हीच मोजपट्टी घरी लावली तर

मोजपट्टी खरी असेल तर ती दोन्ही बाजूंनी लागली पाहिजे. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने 2024मध्ये हिजाब, बुरखा, टोपी वगैरेंवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. 26 जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने बंदीला अंशतः स्थगिती दिली, वर्गात बुरखा नको पण हिजाब आणि टोपी चालेल अशी. या मुलींनी ‘काढणार नाही’ म्हटलं तर किंमत काय? वर्ग, हजेरी, पदवी. ‘आम्ही तुम्हाला मुक्त करतो आहोत’ असं म्हणत दाराबाहेर उभं केलेल्या मुलीला ती मुक्ती कशी दिसत असेल? फ्रान्सने 2023मध्ये सरकारी शाळांत अबायावर बंदी घातली तेव्हाही प्रश्न हाच होता.

म्हणजे चेंबूर आणि रियाध सारखेच का? नाही. एका ठिकाणी दाद मागायला न्यायालय आहे आणि ते स्थगिती देतं, दुसऱ्या ठिकाणी दाद मागणारीच तुरुंगात जाते. मोजपट्टी एकच असली म्हणून मापं सारखी येत नाहीत. उलट फरक नीट दिसावा म्हणूनच मोजपट्टी एक ठेवायची.

आता एक मराठी तारीख. 18 एप्रिल 1966. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. फक्त सात. त्यांची मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. बुरखा बंद करा, ही त्यांची मागणी नव्हती. रियाधच्या 47 जणींचीही अबाया काढा अशी मागणी नव्हती. ज्यांनी स्वतःच्या अंगावर जोखीम घेतली, त्यांनी आधी परवानगीला हात घातला. कापड बिनमहत्त्वाचं आहे म्हणून नव्हे. 2018मध्ये सौदी बायकांनी अबाया उलटा घालून त्याचे फोटो टाकले, तो निषेध कापडाचाच होता, आणि इराणमध्ये तर 2022मध्ये कापडावरूनच देश पेटला. पण नवऱ्याच्या एका शब्दाने संसार मोडतो ही भीती असेल, तर कुठलीही बाई कपड्याबाबत मोकळेपणाने हो किंवा नाही म्हणणार कशी? हे त्या सात जणींना कळलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी टेबलावर तो प्रश्न आला, की लगेच कुठल्या बाजूने बोलायला उभे राहू नका. उलट विचारा: कुठल्या देशातली, कुठल्या घरातली बाई? तिने नाही म्हटलं तर तिचं काय जाईल? घर, नोकरी, पदवी, मूल, की फक्त चार लोकांची बोलणी? आणि जे जाईल ते परत मिळवायला तिला कुठे जाता येतं? समोरचा कदाचित कंटाळेल. ग्रुपवरचे काका तर नक्कीच. पण तुमच्या वर्गात, तुमच्या ऑफिसात हिजाब घालणारी किंवा नुकताच सोडलेली जी कुणी मैत्रीण आहे, तिच्याशी बोलताना हे प्रश्न उपयोगी पडतील. ‘निवड की सक्ती’ असं विचारलं तर तिला स्वतःचा बचावच करावा लागतो, मग ती काय घालते ते काहीही असो.

आणि ‘वज्दा’ पुन्हा पाहा. शेवटी रात्री गच्चीवर आई उभी असते. समोर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचे फटाके फुटत असतात आणि तिने आपले लांब केस कापून टाकलेले असतात. हिरवी सायकल तिनेच आणलेली असते. सायकल पाहून डोळ्यांत पाणी येतंच, पण या वेळी त्या कापलेल्या केसांकडे बघा. आजवर ज्याच्यासाठी ती प्रत्येक किंमत मोजत आली, ते त्या रात्री हातचं गेलेलं आहे. आता नाही म्हणून गमवायचं तिच्याकडे फारसं काही उरलेलं नाही, आणि म्हणूनच ती मुलीला हो म्हणू शकते.